हिवाळ्याची बेगमी

आमच्या मामेसासऱ्यांना आजवर कुठल्याही ऋतूला बेसावध गाठता आलेलं नाही. उन्हाळा असो की पावसाळा, तो अहमदपुरात पाऊल ठेवतो तेव्हा मामा त्याच्या स्वागताची सगळी तयारी करून, त्या तयारीचाही कंटाळा येऊन, पुढच्या ऋतूच्या मागे लागलेले असतात. वैशाखात त्यांच्या अंगणात रजया उन्हाला पडलेल्या असतात आणि दिवाळीच्या फराळाला जावं तर मामा ओसरीवर छत्रीच्या काड्यांना तेल देत बसलेले दिसतात. तिथला एक कापडदुकानदार सांगतो, "सर स्वेटर इचारायला आले की मी वळखतो, आता बाजारात आंबा येणार." गावात त्यांना सगळे सरच म्हणतात, कारण निम्म्या गावाला त्यांनी भूगोल शिकवलाय. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, तरी पृथ्वी अजून आपल्याच सांगण्यावरून सूर्याभोवती फिरते अशी त्यांची थोडीशी समजूत आहे.

माझं लग्न नांदेडला झालं, तेही ऐन मे महिन्यात. नांदेडचा मे ज्यांनी पाहिलाय त्यांना जास्त सांगायला नको. घामानं भिजलेला फेटा माझ्या डोळ्यांवर उतरत होता आणि अशा वेळी मामांनी मला एक जाडजूड रजई आहेर केली. नुसती हातात दिली असती तरी चाललं असतं. पण फोटोग्राफर म्हणाला, "सर, जरा पांघरा की," म्हणून त्यांनी ती माझ्या खांद्यांवर पांघरली. अल्बममध्ये तो फोटो आहे आणि त्यात नवरदेव बेशुद्ध पडायच्या बेतात दिसतो. मामांनी माझ्या कानाशी लागून सांगितलं, "जावईबापू, आत्ता घेतली म्हणून निम्म्या किमतीत भेटली. थंडीत काय, कोणी बी देतंय." पुढे डिसेंबरात आम्ही अहमदपूरला गेलो तेव्हा निघताना त्यांनी गाडीत माठ ठेवला.

प्रवासाच्या बाबतीत तर विचारू नका. दहाची बस असली की मामा सातला स्टँडवर असतात. लग्नाला ते आदल्या दिवशीच जातात. कंधारला एकदा इतके आधी पोचले की मांडवाचे खांबसुद्धा उभे राहिले नव्हते. मांडववाल्याला वाटलं, हा आपल्याच मुकादमानं पाठवलेला माणूस. त्यानं एक खांब मामांच्या हातात दिला आणि मामांनी तो धरला. अर्धा मांडव उभा झाल्यावर मुलीच्या बापानं बघितलं आणि तो बिचारा कपाळाला हात लावून धावत आला. पण त्याच लग्नात दुसऱ्या दिवशी, ऐन मुहूर्ताला, नवरदेवाच्या सलवारीची नाडी तुटली. वऱ्हाडी मंडळी अक्षता धरून उभी, भटजी घड्याळ बघताहेत आणि नवरदेव खोलीत एका हातानं सलवार धरून उभा. तेव्हा भर गर्दीतून मामा शांतपणे पुढे आले आणि खांद्यावरच्या पिशवीतून नवी कोरी नाडी काढली. सोबत ती ओवायला काडीसुद्धा होती. त्या पिशवीत सुईदोरा, मेणबत्ती, अमृतांजन, जास्तीच्या अक्षता, सगळं असतं. अक्षता कशाला, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "कमी पडल्या म्हंजे? पाव्हण्यांनी काय टाळ्या वाजवायच्या का नवरानवरीवर?"

ह्या सगळ्याचा मामींना किती वैताग येत असेल ते त्यांनाच ठाऊक. त्या फार बोलत नाहीत, पण बोलल्या की एका वाक्यात काम होतं. "आमच्या घरी उद्याची भाकर आजच शिळी होती," असं त्या म्हणतात आणि पुन्हा निवडण-टिपणाला लागतात. माडीवर काय काय आहे ह्याचा पत्ता त्यांनाही नाही. एकदा माडीवर काहीतरी शोधायला गेलो तर मला कंदिलाच्या काचांचं एक खोकं सापडलं आणि घरात कंदील मात्र एकही नव्हता. मामांना विचारलं. त्यांचं म्हणणं, कंदील कुठंही मिळतो, काच मिळत नाही.

पण मामांना नुसतं हसून चालत नाही, हे मी माझ्या सासूबाईंकडून शिकलो. त्या मामांच्या थोरल्या बहीण, लातुरात राहतात. ज्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच्या आदल्या दिवाळीत मामा भाऊबीजेला टेंपो घेऊन आले आणि टेंपोत नुसते प्लॅस्टिकचे ड्रम. ओवाळणीत ड्रम घालणारा भाऊ सासूबाईंनी काय, कुणीच पाहिला नव्हता. त्या सगळ्या गल्लीला सांगत सुटल्या, "माझा भाऊ येडा झालाय." होळीच्या सुमाराला नळाला पाणी यायचं बंद झालं, ड्रम दामदुप्पट दिलं तरी मिळेनात, आणि त्याच गल्लीतल्या बायका त्या येड्या भावाच्या ड्रमांपुढे घागरी घेऊन उभ्या राहू लागल्या. सासूबाई ही गोष्ट सांगताना अजून डोळ्यांना पदर लावतात. मामांना ह्याबद्दल कुणी शाबासकी दिली की ते चिडतात. "पावसानं दगा दिला तं उन्हाळ्यात पाणी आटतंय, ह्यात काय अक्कल लागती?" एवढंच त्यांचं म्हणणं असतं.

अशा माणसाच्या नशिबात नेमका काय घोटाळा लिहिलेला असावा?

मामांना एकुलती एक मुलगी, मुक्ता. शिकून ती युरोपातल्या एका थंड देशात नोकरीला लागली. देशाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. मामांनी पुढे त्या देशाबद्दल जे उद्गार काढले ते छापून आले तर दोन सरकारांचे संबंध बिघडतील. मुक्ता दर वर्षी येते म्हणायची आणि दर वर्षी काहीतरी आडवं यायचं. कधी सुट्टी नाही, कधी तिकीट परवडत नाही. आली तरी उन्हाळ्यात, आठ दिवस, धावतपळत. तिकडे गेल्यापासून येळवशीला म्हणून ती एकदाही घरी नव्हती आणि मामांना ती येळवशीलाच हवी होती.

आमच्याकडच्या माणसाला येळवस समजावून सांगावी लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगतो. मार्गशीर्षातली ही वेळ अमावस्या. त्या दिवशी सगळं गाव शेतात जातं, बाजारपेठेत कुत्रं दिसत नाही. शेतात कडब्याची कोप करायची, तिच्यात पाच दगडांना चुना लावून पांडव मांडायचे, त्यांना नैवेद्य दाखवायचा, पिकावर आंबील शिंपडायची. मग ओल्या तुरीपासून कांद्याच्या पातीपर्यंत रानात जे हिरवं असेल ते सगळं घालून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, खीर आणि मातीच्या बिंदगीतली आंबील. जेवण असं की उठताना कुणीतरी हात द्यावा लागतो. मुक्ता लहान असताना आंबिलीचा तांब्या घेऊन साऱ्या रानात पळायची, निम्मी आंबील अंगावर सांडायची, आणि मामा मागून ओरडायचे, "सांड बाई सांड, रानाला बी तहान हाय." मामांच्या घरात सांडलवंड चालणारा वर्षातला तो एकच दिवस.

औंदा तिनं तिकीट काढलं. मामांना हे कळलं तेव्हा श्रावण होता. श्रावणातच त्यांनी किसनला, म्हणजे त्यांची चार एकर बटईनं करणाऱ्या माणसाला, कोपीसाठी कडबा बाजूला ठेवायला सांगितला. भज्जीसाठी वाल आणि वाटाण्याची एक एक वेगळी ओळ पेरून घेतली. हैदराबादच्या विमानतळावरून मुक्ताला आणायला माझी गाडी ठरली आणि त्यासाठी मामा तीन दिवस आधीच नांदेडला आमच्या घरी येऊन बसले. रोज सकाळी ते माझ्या गाडीची हवा बघायचे. स्टेपनीची हवा बघायचे. शेवटी त्यांनी एक जास्तीची स्टेपनी कुठूनतरी पैदा केली.

ज्या दिवशी मुक्ता तिकडून निघायची त्याच दिवशी तिचा फोन आला. मामांनी स्पीकर लावला.

"बाबा, विमान रद्द झालंय."

"कामून? पायलट आजारी पडला का?"

"नाही हो. इकडं चार दिवस लई बर्फ पडून राहिलाय. विमानाच्या पंखांवर बर्फ धरतो ना, तो काढायला उडायच्या आधी एक औषध फवारतात. ते औषध संपलंय."

"संपलंय म्हंजे?"

"संपलं म्हंजे संपलं, बाबा. साठा कमी पडला. दुसरा आणायला टँकर पाठवलाय, तो बर्फात अडकलाय. शेकडो विमानं उभी आहेत. लोक जमिनीवर झोपलेत."

मामांचा चेहरा मी त्या वेळी पाहिला. मुलगी येत नाही ह्याचं दुःख त्याच्यावर यायचं होतं, पण त्याच्या आधी तिथं निव्वळ अविश्वास होता. कुणी येऊन सांगावं की गोदावरी उलटी वाहायला लागली, तसे ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तिकडं डिसेंबरात थंडी पडती हे त्यांना म्हाईत नव्हतं का?"

मी म्हटलं, "मामा, असेल माहीत, पण अंदाज चुकला असेल."

"अंदाज?" मामा उभे राहिले. "उत्तर गोलार्धात डिसेंबरात हिवाळा असतो. सातवीच्या पोरांना शिकवून शिकवून माझा घसा बसला. ढ पोरगं बी सांगतंय हो! ह्यांना येवढालं विमान उडवाय येतंय अन् हिवाळा कवा येतो ते म्हाईत न्हाई?"

मग त्यांनी विमान कंपनीला फोन लावला. बराच वेळ बासरी वाजली. मामांनी ती शांतपणे ऐकून घेतली. शेवटी कुणी मुलगी हिंदीत बोलली आणि मामांनी आपली ठेवणीतली नांदेडी हिंदी बाहेर काढली. "बेटी, तुमारे उधर बरफ कब गिरता? डिसेंबर में ना? फिर दवा कब मंगाना?" पलीकडून ती मुलगी काहीतरी दिलगिरी व्यक्त करत होती. मामांनी तिला मधेच थांबवून उत्तर सांगून टाकलं, "आषाढ में मंगाना ना, बेटी! आषाढ में सस्ता मिलता." त्या मुलीनं त्यांची तक्रार नोंदवून घेतली म्हणे. आषाढ कसा नोंदवला असेल देव जाणे.

एवढ्यानं त्यांचं समाधान होणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा कपडे करून, पिशवी अडकवून तयार. म्हणाले, "चला, इथल्या विमानतळावर." मी परोपरीनं सांगितलं की मामा, नांदेडच्या विमानतळाचा आणि त्या विमानाचा काही संबंध नाही. ते म्हणाले, "विमानवाले विमानवाले आतून एकच असतेत. एकाला सांगितलं की समद्यांला कळतंय." पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. गेलो. तिकिटाशिवाय आत सोडत नाहीत, पण बाहेर एक खिडकी होती आणि खिडकीत गणवेशातली एक तरुण मुलगी होती. मामांनी तिला आधी चष्मा पुसून नीट पाहिलं आणि विचारलं, "बाई, तुमच्याकडं बर्फ काढायच्या औषधाचा साठा किती हाय?"

ती गडबडली. "काका, नांदेडला बर्फ पडत नाही."

"आजवर पडला न्हाई," मामा म्हणाले.

माझी मान खाली गेली. पण मुलगी मोठी गुणी निघाली. तिनं हसू आवरून सगळं ऐकून घेतलं. मुक्ता कुठं अडकलीय, येळवस कधी आहे, वाटाणा कधी पेरला, सगळं. मग म्हणाली, "सर, मी अहमदपूरचीच आहे. माझ्या मोठ्या भावाला तुम्ही भूगोल शिकवला. ताई येतील बघा." मामांनी तिच्या भावाचं नाव विचारलं, त्याला अक्षांश-रेखांश कधीच जमले नाहीत असं सांगितलं आणि पिशवीतून खडीसाखर काढून तिच्या हातावर ठेवली.  परत येताना असना नदीचा पूल गेल्यावर हळूच म्हणाले, "येळवस परवावर आली, जावईबापू. न्हाई पोचत ती."  सगळ्या जगाची तयारी करून ठेवणारा हा माणूस, आणि त्याच्या एका हौसेसाठी कुणा दूरच्या माणसानं चार पिंपं जास्त मागवली नव्हती, ह्याचा मला मनापासून राग आला.

येळवशीच्या दिवशी आम्ही नेहमीसारखे अहमदपूरला गेलो. गाव रिकामं. बैलगाड्या, ट्रॅक्टर, मोटारसायकली, सगळं रानाकडे गेलेलं. आणि आदल्या दिवशीच नांदेडहून परतलेले मामा ओसरीवर, बनियनवर बसलेले. मुक्ताला अजून जागा मिळाली नव्हती. आतून आंबट आंबिलीचा वास येत होता, उंड्यांची टोपली बांधून तयार होती. मामी दाराशी येऊन म्हणाल्या, "चला आता. पांडवांला उपाशी ठेवता का?"

मामा म्हणाले, "पांडवांनी बारा वर्सं वनवासात काढली. दोन दिवस थांबतेत."

आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. आयुष्यात जो माणूस सणाला कधी वेळेवरसुद्धा गेला नाही, कायम आधीच गेला, तो येळवस पुढे ढकलत होता. किसन शेतातून बोलवायला आला, त्याला पटेना. "सर, आवस सरली म्हंजे सरली. ती काय इकत भेटती का पुन्ना?" मामा ऐकून घेत होते आणि मान हलवत होते. त्यांनाही ते माहीत होतं. आयुष्यभर त्यांनी सगळं भरून ठेवलं, पण अमावस्या कुठल्या डब्यात भरून ठेवणार? शेवटी मामींनी तोड काढली. त्या स्वतः किसनबरोबर रानात गेल्या, पांडवांना नैवेद्य दाखवला, पिकावर आंबील शिंपडली आणि टोपली तशीच परत आणली. "देवाचं झालं," त्या मामांना म्हणाल्या, "माणसांचं ती आल्यावर करू. जेवायला तिथ लागत न्हाई." त्या दिवशी आम्ही मामांच्या घरी पिठलं-भाकरी खाल्ली. येळवशीला पिठलं खाणारी अख्ख्या तालुक्यात आमची एकच पंगत असेल.

दुसऱ्या दिवशी टँकर सुटला, विमानं हलली आणि मुक्ताला जागा मिळाली. आम्ही हैदराबादला इतके आधी पोचलो की तिचं विमान तिकडून अजून उडालंही नव्हतं. मामा तरी समाधानी होते. म्हणाले, "बरं झालं. गर्दी न्हाई." शेवटी मुक्ता दारातून बाहेर आली. वाळली होती, डोळे तांबारले होते, चार रात्री बाकावर काढल्याच्या खुणा अंगावर होत्या. मामांनी तिला जवळ घेतलं नाही. पिशवीतून रजई काढली आणि भर दुपारी, हैदराबादच्या उन्हात, तिच्या अंगाभोवती गुंडाळली. "बाबा, उकडतंय," ती म्हणाली. "असू दे," मामा म्हणाले, "बर्फातून आलीस." ती रडायला लागली, रजईतच, आणि तिनं ती गाडीत बसेपर्यंत काढली नाही.

मग मामांची येळवस झाली. किसननं कोप मोडली नव्हती. मामींनी पुन्हा भज्जी केली, पुन्हा उंडे केले. आंबील आता इतकी आंबली होती की पहिल्या घोटाला डोळे मिटायचे. आपली येळवस उरकलेले शेजारीपाजारी हसायला म्हणून आले आणि हादडून गेले. मुक्ता पोट भरून जेवली आणि कोपीतच, पांडवांच्या पायांशी, बूटमोज्यांसकट झोपून गेली. मामा तिच्याजवळ बसून उपरण्यानं माशा वारत होते. मी म्हटलं, "मामा, तुम्ही जेवून घ्या." ते म्हणाले, "जेवतो की. काय घाई हाय?" त्यांच्या तोंडून असं काही मी पहिल्यांदाच ऐकलं.

संक्रांतीच्या अलीकडे मुक्ता परत निघाली. मामींनी तिळगूळ आधीच करून दिला. हैदराबादला पुन्हा मीच गाडी नेली, मामा बरोबर होते. ती आत गेली, काचेपलीकडून दोनदा हात हलवला आणि रांगेत दिसेनाशी झाली. मामा हललेच नाहीत. विमानांच्या वेळा दाखवणाऱ्या त्या पाटीकडे बघत उभे राहिले. तिचं विमान वेळेवर होतं.

"जावईबापू," ते म्हणाले, "ते पंखांवर मारायचं औषध... आता आणून ठेवलं असंल का हो त्यांनी?"

त्यांना काळजी वाटतेय असं समजून मी धीर दिला. "हो मामा, मुक्ताच म्हणत होती. सगळा हिवाळा पुरेल एवढा साठा केलाय आता. काही अडचण येणार नाही."

मामांनी पाटीवरची नजर काढली नाही.

"येवढा कशाला करायचा पण," ते हळूच म्हणाले. "लागंल तसं आणावं की."